बळीरामची चार दिशांची हाक

माघ महिन्यात मेहुण्याचं कार्ड आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं होतं, पण बोलणं बळीरामचंच. "दाजींना सा. न. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गावची कुस्त्यांची दंगल हाय. हैदराबादहून रेडिओचे साहेब माझी हाक ऐकायला येणार हायेत. पसंत पडली तर तिकडच्या मोठ्या दंगलीला मला रेडिओवर सांगायला नेणार. एकदाच येणार म्हणे. आक्काला घेऊन या. ती आली म्हंजे मला धीर येईल."

मी मोजणी खात्यात नोकरीला आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासुरवाडीला आजवर तीनदाच गेलो होतो. आमच्या कुटुंबानं, म्हणजे बळीरामच्या आक्कानं, कार्ड दोनदा वाचलं आणि पेटी भरायला काढली. रजेचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला.

नगरच्या ज्या मंडळींनी निजामाचा मुलूख पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी ही हकीकत लिहितो आहे. जे मोजलं ते आकड्यानं लिहिलं आहे. जे मोजता आलं नाही तिथं तसं म्हटलं आहे.

हद्द

मनमाडला गाडी बदलली. पुढं निजामाची हद्द लागते त्या स्टेशनावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, लोक डब्यात चढले. सगळ्यांच्या पेट्या उघडल्या. माझ्या पेटीत धोतरांच्या खाली मोजणीची फीत होती. सवयीनं बरोबर घेतली होती, दुसरं कारण नाही. जमादारानं ती बाहेर काढून लांबवली आणि माझ्याकडं संशयानं पाहिलं.

"यह क्या? नक्शा बनाने जाते क्या?"

मी म्हटलं, "सासुरवाडीला चाललोय."

"सासुरवाडी मोजायला?" मागचा एक प्रवासी म्हणाला आणि डबा हसला.

जमादाराला हसू आलं नाही. त्यानं मला खाली उतरवून साहेबांपुढं नेलं. साहेब वयस्क होते. त्यांनी फीत हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि त्यांच्या मेजाकडं बोट दाखवलं. मी मेज मोजलं. लांबी चार फूट सात इंच, रुंदी दोन फूट नऊ. साहेब समाधानानं म्हणाले, "तीन साल से मैं बोल रहा हूं, मेज छोटी है." फीत परत मिळाली. गाडी सुटायला दोन मिनिटं होती.

परभणीला उतरलो तेव्हा पाट्यांवर उर्दू मोठी आणि मराठी बारीक. आमच्या कुटुंबात मात्र एक बदल झाला. नगरला बावीस वर्षं 'आम्ही' म्हणणारी बाई फलाटावर पाय ठेवताच हमालाला म्हणाली, "आमी गंगाखेडला जायलोत, गाडी कवा हाय?"

गंगाखेड

बळीराम बैलगाडी घेऊन घाटावर उभा होता. वय अडतीस, खांदे अजून पैलवानाचे, डावा पाय जरा ओढत चालतो. गळ्याला लोकरीचा मफलर, फाल्गुनाच्या तोंडावर, भर उन्हात.

"ताप आलाय का रे?" बहिणीनं विचारलं.

त्यानं मान हलवली आणि बारीक आवाजात म्हणाला, "गळा जपायलोय, आक्का. पंधरा दिवस मिरची न्हाई. ठेचा न्हाई. ज्येष्ठमध चघळायलोय."

त्या मुलखात पंधरा दिवस मिरची सोडणं म्हणजे काय, हे तिथं जेवल्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडं ठेचा तोंडी लावतात. तिथं भाकरी ठेच्याला लावतात.

गोदावरीत स्नान करून निघालो. रस्त्याला दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी काढणीला आलेली आणि बांधावर पळस फुललेला. एका शेतात ओला हरभरा भाजत होते. त्यांनी गाडी थांबवायला लावून सूपभर दिला. हात काळे झाले, तोंडंही. ओळख ना पाळख. आमच्याकडं निदान नाव विचारून देतात.

गावचं अंतर बळीराम आठ कोस म्हणाला, गाडीवाल्या तुकारामनं नऊ सांगितलं. मी चाकाचा घेर फितीनं मोजला. चौदा फूट भरला, म्हणजे तीनशे सत्त्याहत्तर फेऱ्यांना एक मैल. आऱ्याला चिंधी बांधली आणि फेऱ्या मोजू लागलो.

"दाजी, मोजल्यानं रस्ता कमी व्हतो का ओ?" तुकारामनं विचारलं.

दोन मैलांवर चिंधी निसटून पडली, त्यामुळं कोस आठ की नऊ हे मला आजही सांगता येणार नाही. मग मी बळीरामलाच मोजायला घेतलं.

त्याची हकीकत अशी. तो गावच्या तालमीतला होता. तेविसाव्या वर्षी कुस्तीत गुडघा निखळला आणि लंगोट खुंटीला गेला. त्याच साली त्याचे वस्ताद शिवआप्पा यांचे डोळे मोतीबिंदूनं गेले. कुस्त्या लागल्या की आप्पा सवयीनं आखाड्याशी जाऊन बसायचे आणि दिसत नाही म्हणून मांडीवर मुठी आपटायचे. बळीराम शेजारी बसून त्यांच्या कानाशी सांगू लागला: आता सलामी झाली, आता पकड धरली, आता ह्याचा पाय गेला. मागचे लोक ओरडू लागले, "आमाला बी सांग की, मोठ्यानं!" तो उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याला बैलगाडीवर चढवलं. तेव्हापासून चौदा वर्षं तो जत्रांच्या दंगली 'हाकतो', असं तिकडं म्हणतात. ज्याला रिंगणातलं दिसत नाही त्याला ते शब्दांनी दाखवायचं, हे त्याचं काम.

"वर्षाला जत्रा किती?"

"अकरा धरा."

"एका जत्रेत कुस्त्या?"

"तीसेक."

मी हिशेब करून सांगितलं, "चार हजार सहाशे वीस."

त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाला, "लय झाल्या की ओ, दाजी. पन रेडिओत एक बी न्हाई."

शिवरात्र

उपासाचा दिवस. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी. महादेवाला गर्दी इतकी, की माझी टोपी आत गेली आणि मी बाहेर राहिलो. ती संध्याकाळी पुजाऱ्यानं बेलाच्या ढिगातून काढून दिली.

दुपारी शिवआप्पांकडं गेलो. कापडाचं दुकान, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. सत्तरी ओलांडलेली, पण मान अजून खांद्यांत रुतलेली. त्यांनी माझं मनगट धरलं, मग दंड चाचपला.

"तुमी लय मोजता म्हने. तुमचं वजन सांगू का? दीड मन आन् वर पाच शेर."

नगरला परतल्यावर मी कापसाच्या जिनिंगमधल्या काट्यावर वजन केलं. दीड मण सहा शेर भरलं. एक शेर मी बहुधा सासुरवाडीत कमावला असावा.

"उद्या बळ्याचं कसं व्हईल, आप्पा?" आमच्या कुटुंबानं विचारलं.

"गडी भारी हाय. पन ते भोंग्याचं काय समजना मला," आप्पा म्हणाले. "परभनीहून कुनी गफूर यायलाय म्हने, भोंगा घेऊन. साहेबाची अट हाय. रेडिओत माईकापुढंच बोलावं लागतं, तर इथं बी माईकापुढंच ऐकनार."

बळीराम कोपऱ्यात ज्येष्ठमध चघळत होता.

दंगल

मैदान मी सकाळीच पावलांनी मोजलं. मातीचा हौद बत्तीस फूट. त्याभोवती माणसं बसायची, त्यांच्यामागं उभी, त्यांच्यामागं गाड्यांवर, झाडांवर. पूर्वेला महादेवाचं देऊळ आणि त्याच्या गच्चीवर बायका. बायका आखाड्याजवळ येत नाहीत आणि गच्चीवरून हौद दिसत नाही, मध्ये कडुलिंब येतो. त्यांना दंगल म्हणजे बळीरामचा आवाजच.

आता त्याच्या हाकेची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. तो गाडीवर उभा राहून पहिल्यांदा देवळाकडं तोंड करून बातमी सांगतो. मग उजवीकडं वळून तीच बातमी दक्षिणेला, मग पश्चिमेला, मग उत्तरेला. शब्द तेच, एकही कमी नाही. प्रदक्षिणा पुरी झाली की नवी बातमी. चारी बाजूंना वेगवेगळ्या गावांची माणसं बसतात. एका वर्षी घाईत दक्षिणेची बाजू राहिली, तर तिकडची गावं बैल जुंपून निघून गेली होती, आणि त्यांची समजूत घालायला दोन जत्रा लागल्या, असं सांगतात. पाठ दाखवली की अपमान, आणि तोंड दाखवलं की मान. चौदा वर्षं हे न चुकता चाललं होतं.

रेडिओचे साहेब दीडला मोटारीनं आले. शेरवानी, चष्मा, बोलणं मृदू. मराठी येत होती. "साडेचारला मला निघायचं आहे, गंगाखेडहून गाडी आहे," त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. गफूरनं कडुलिंबाला दोन भोंगे बांधले, मोटारीची बॅटरी जोडली आणि गाडीवर दांड्याला माईक उभा केला.

बारीक कुस्त्या साहेब यायच्या आधीच उरकल्या होत्या; मोठ्या चार राहिल्या होत्या, त्यातली पहिली लागली. बळीरामनं माईकापुढं तोंड नेलं. "सलामी झाली! निळ्या लंगोटानं मान धरली!" भोंग्यातून तो आवाज असा निघाला, की झाडावरचे कावळे उडाले आणि चारी बाजूंनी टाळ्या पडल्या. बळीराम उजवीकडं वळला आणि माईक पाठीमागं टाकून दक्षिणेला तीच बातमी सांगितली. मग पश्चिमेला. मग उत्तरेला.

"ऐकलं की रं!" गर्दीतून एकजण ओरडला. "फुडं सांग!"

पुढं सांगायला तो माईकाकडं फिरेस्तोवर निळा लंगोट चितपट झाला होता.

दुसऱ्या कुस्तीला गफूरनं माईक दांड्यावरून काढून त्याच्या हातात दिला. "उस्ताद, अब घूमो, कितना भी घूमो." बळीराम फिरला. आता प्रत्येक बातमी भोंग्यातून चारदा आली. लोक तिसऱ्या वेळेपासून त्याच्याबरोबर म्हणू लागले. माईकाची तार त्याच्या पायांभोवती गुंडाळत होती ती कुणाच्या लक्षात आली नाही. सातव्या प्रदक्षिणेला ती ताणली गेली, यंत्रातून निसटली, भोंगा मुका झाला आणि बळीराम गाडीवर बसकण मारून पडला. हसण्याची लाट देवळापर्यंत गेली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

गफूर तार सोडवत होता तोवर मी मैदानाला फेरी मारली. चारी बाजूंना दोन-दोन माणसांना विचारलं. भोंगा चारी बाजूंना सारखा ऐकू येत होता, याबद्दल दुमत नव्हतं. परत येऊन बळीरामला म्हटलं, "एक बातमी सांगायला तुला नऊ सेकंद लागतात. चार वेळा सांगून, वळून, पाऊण मिनिट होतं. तेवढ्यात तीन पकडी बदलतात. एकदाच सांग. सगळ्यांना पोचतंय, मी विचारून आलोय."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "आकडे खरे हायेत, दाजी. पन तीन बाजूंना पाठ करून कसं बोलू? इथं आवाज फुटंना मला." त्यानं छातीवर हात ठेवला. तिसऱ्या कुस्तीला त्यानं प्रयत्न केला. देवळाकडं तोंड करून उभा राहिला, पाय रोवले, आणि खरोखरच त्याच्या तोंडून शब्द निघेना. मान आपोआप उजवीकडं जाई, तो ती परत आणी. सगळी कुस्ती "धरला... धरला..." एवढ्यावर गेली.

साहेब उठले नाहीत, पण त्यांनी ड्रायव्हरला जवळ बोलावलं.

मी गच्चीवर गेलो. पुरुषांनी तिथं जायचं नसतं, पण मी जावई, मला कुणी अडवलं नाही. आमचं कुटुंब कठड्याला धरून उभं होतं आणि तिचे डोळे भरले होते.

"त्यानं कुनाकडं तोंड करावं म्हंता?" माझं ऐकून ती म्हणाली. "आप्पांकडं करावं की! आप्पांच्या कानात सांगायचा तवा कुठं फिरत व्हता त्यो? आप्पांकडं बगून बोलला तर कोन रुसंल? चारी बाजूंचे पैलवान आप्पांचेच चेले हायेत."

मी पायऱ्या उतरलो त्या मोजल्या नाहीत.

शिवआप्पांना दोघांनी धरून गाडीवर चढवलं. घोंगडी अंथरून बसवलं. बळीराम समोर मांडी घालून बसला. माईक गफूरनं दोघांच्या मध्ये ठेवला. साडेतीन वाजून गेले होते आणि शेवटची मोठी कुस्ती लागत होती, पाथरीचा उस्मान आणि पेडगावचा गणपत.

भोंग्यातून आप्पांचा खरखरीत आवाज आला. आपला आवाज बाहेर जातोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"बळ्या, काय दिसायलंय?"

बळीराम आप्पांच्या गुडघ्याशी सरकला. मग बोलू लागला, मोठ्यानं नाही, ओसरीवर बसून बोलावं तसं.

"आप्पा, उस्मान माती घ्यायलाय. दोन्ही हातानं. अंगाला न्हाई लावत, हुंगायलाय. गणपत लय उंच हाय, तुमच्या हातभर वर. पन गुडघे वाकवंना."

"मग मार खाईल," आप्पा भोंग्यातून म्हणाले.

पेडगावची बाजू एकदम ओरडली, "न्हाई खानार, आप्पा!"

आप्पा दचकले. "कोन बोललं?"

"पेडगाव बोललं. ऱ्हाऊ द्या. पकडीला आले. गणपतनं मान दाबली... उस्मानचा कान लाल झालाय... उस्मान खाली गेला, पायाला हात, पट काढायलाय!"

"कोनता पाय?"

"डावा."

"आन् त्याचा उजवा?"

"मागं. लांब."

"लांब असंल तर गणपत निसटतोय."

"निसटला, आप्पा! निसटला!"

गच्चीवरून बायकांचा आवाज उठला. कुस्ती न पाहता त्यांनी ती पाहिली होती. चौदा वर्षांत बळीरामनं एका बातमीत जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं तो आता सांगत होता, कारण तीन वेळा तेच सांगण्यातला वेळ त्याच्याकडं शिल्लक होता. घामावर चिकटलेली माती, बोटांची पकड, गणपतच्या वस्तादानं पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं, सगळं. आप्पा विचारत होते, तो सांगत होता, आणि मध्येच मैदान उत्तर देत होतं.

चार पस्तीसला ड्रायव्हर साहेबांपाशी येऊन काही बोलला. साहेबांनी त्याच्याकडं न पाहता त्याला हातानं खाली बसवलं.

एकूण कुस्ती एक तास चार मिनिटं चालली. शेवटी गणपत वरून दाबायला गेला तेव्हा उस्माननं खालून घिस्सा मारला, म्हणजे त्याला आपल्या अंगावरून ओढत उताणं पाडलं.

"पाठ, आप्पा! पाठ लागली! दोन्ही खांदे! चितपट!"

फेटे उडाले, माणसं हौदात घुसली, पेडगावच्यांनीसुद्धा उस्मानला उचललं. आणि त्या गदारोळात बळीराम गाडीवर उठून उभा राहिला, माईक बाजूला ठेवला, आणि नुसत्या गळ्यानं चारी दिशांना, एकेक करून, निकाल सांगितला. कुणी "ऐकलं की रं" म्हणालं नाही. चारी बाजूंनी पुन्हा टाळ्या पडल्या.

साहेबांची गाडी चुकली होती. ते बैलगाडीपाशी आले. "बळीरामजी, रेडिओवर हजार लोक ऐकतात, पण बोलायचं एकाशीच असतं. हे आमच्या लोकांना शिकवायला मला वर्ष लागतं." मग आप्पांचा हात हातात घेतला. "आणि आप्पासाहेब, तुम्हीही आलं पाहिजे. दोघं मिळूनच."

"मी आंधळा माणूस हैदराबादला जाऊन काय बगू?" आप्पा म्हणाले.

"तेच तर पाहिजे," साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी बळीरामनं मफलर सोडला आणि ठेच्याबरोबर सहा भाकऱ्या खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बहीण म्हणाली, तिखटानं. मी वाद घातला नाही.

नगर

चैत्रात हैदराबादची दंगल झाली. आमच्या आळीत रेडिओ एकाच डॉक्टरांकडं आहे. त्यांच्या ओसरीवर आम्ही एकोणचाळीस माणसं जमलो, लहान मुलं धरून. बराच वेळ नुसती खरखर. मग उर्दूत काही सांगितलं गेलं, आणि मग आमच्या ओसरीवर, कुणी खाटेवर उठून बसून विचारावं तसं, ऐकू आलं:

"बळ्या, काय दिसायलंय?"

आमच्या कुटुंबानं माझा दंड धरला. सगळ्यांदेखत, आयुष्यात पहिल्यांदा.

बळीराम सव्वीस मिनिटं बोलला. एकदाही अडखळला नाही. डॉक्टर, जे कुस्तीला रानटी खेळ म्हणतात, ते खुर्चीच्या टोकाला आले होते. कुस्ती निकाली झाली, "चितपट!" झालं, आणि मग आवाजाचं काहीतरी बिघडलं. निकाल एकदा मोठ्यानं आला. मग तोच निकाल जरा लांबून. मग अगदी लांबून, भिंतीकडं तोंड करून बोलल्यासारखा. मग पुन्हा जरा जवळून.

"स्टेशन हललं वाटतं," डॉक्टर बटणाकडं हात नेत म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं. मी मोजले होते. चार.

आमचं कुटुंब तोंडाला पदर लावून हसत होतं. "हैदराबादेत बी फिरला ओ," ती म्हणाली. "एक बी बाजू सोडली न्हाई."